चाकूच्या मुठीला पकड आणताय? या चुका टाळा

मूठ घसरते म्हटलं की हात आधी कानशीकडे जातो. चार खाचा पाडल्या की झालं काम, असं वाटतं. पण ओल्या हातातून चाकू निसटतो तेव्हा दोष बहुतेक वेळा मुठीच्या आकारात असतो. मूठ दांडक्यासारखी गोल असेल तर चाकू हातात फिरतो, आणि धार कुठल्या बाजूला आहे हे बघितल्याशिवाय कळतही नाही. अशा मुठीवर कितीही जाळी कोरा, फिरायची ती फिरणारच. बोटं पुढे धारेवर जाऊ नयेत म्हणून पुढे उंचवटा हवा, मागच्या टोकाला जरा रुंदी हवी आणि मूठ आडवी कापली तर छेद लंबगोल दिसायला हवा. हे जमलं की खरखरीतपणाचं काम निम्म्याने कमी होतं.

म्हणून आकार पक्का झाला की पात्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळा, हात साबणाच्या पाण्यात बुडवा आणि मूठ धरून ओढून, पिळून बघा. जिथे घसरते तिथे पेन्सिलने खूण करा. खाचा तिथेच. इतकं साधं असूनही कोरड्या हाताने मूठ दाबून “मस्त बसली” म्हणणारेच जास्त भेटतात.

सगळ्या मुठीवर खाचा नकोत

बोटांची टोकं टेकतात ती बाजू आणि तळहाताचा भरीव भाग, एवढ्या दोन जागा पुरतात. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कातडी मऊ असते आणि काम करताना तिथेच सगळ्यात जास्त घासतं, तो भाग गुळगुळीतच ठेवा. नाहीतर अर्ध्या तासात फोड येतो. मुठीच्या पट्ट्या पात्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या खिळीवरून, म्हणजे रिवेटवरूनही खाचा नेऊ नका. कानस धातूवर अडते, मग उडी मारून बाजूच्या लाकडात घुसते. रिवेटभोवती थोडी मोकळी जागा सोडली तर दिसतंही नीट.

क्रमही चुकतो. आधी जाळी आणि मग पॉलिश पेपर, असं केलं तर टोकं गोल होतात आणि मेहनत वाया जाते. आकार, मग २२० नंबरच्या पेपरपर्यंत घासाई, मग खाचा, आणि त्यानंतर पेपर शक्यतो नाही.

चौकटी जाळी: इथे घाई नडते

दोन दिशांनी तिरप्या रेषा कापून हिऱ्याच्या आकाराचे दाणे काढायचे, ही बंदुकीच्या दस्त्यावरची जुनी पद्धत. चाकूच्या मुठीवर ती देखणी दिसते, पण सगळ्यात जास्त बिघडतेही हीच.

पहिली चूक आखणीची. पोलादी पट्टी वाकड्या पृष्ठभागावर बसत नाही, रेषा सरकते. जुन्या प्लास्टिक फाइलची पट्टी कापून घ्या, ती वळणावर लपेटते. आधी दोन मुख्य रेषा, त्यांना समांतर बाकीच्या. दाण्याची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट धरा आणि ती लांबी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने ठेवा. नुसतं शोभेसाठी नाही हे: दाणा तंतूंना आडवा पडला तर त्याला आधार देणारे तंतू आखूड राहतात आणि टोक सहज तुटतं.

दुसरी चूक म्हणजे एकेक रेघ पूर्ण खोल करत जाणं. सगळ्या रेषा आधी नुसत्या ओरखड्याइतक्या करा, मग दुसरी दिशा, मग पुन्हा पहिलीवर येऊन थोडं खोल. तीनचार फेऱ्या लागतातच.

खोलीचा हिशेब आधी करून ठेवा. त्रिकोणी कानशीची धार ६० अंशांची असते. रेषांत दीड मिलिमीटर अंतर असेल, तर दाण्याला अगदी टोक येईपर्यंत खाच सुमारे १.३ मिलिमीटर खोल जाते. ९० अंशांच्या कटरने तेच काम पाऊण मिलिमीटरमध्ये होतं. मुठीची पट्टी पातळ असेल तर हा फरक छोटा नाही. आणि टोक येईपर्यंत जायचंच कशाला? दाण्यावर केसभर सपाटी राहू द्या. पकड तेवढीच मिळते, हात सोलत नाही, आणि टोकंही तुटत नाहीत.

लाकूड मऊ किंवा मोठ्या छिद्रांचं असेल तर या जाळीच्या नादी लागू नका, दाणे भुसभुशीत होऊन गळतात. अशा लाकडावर मोजक्या रुंद, उथळ आडव्या खाचा बऱ्या.

मायकार्टा आणि जी-टेन

मायकार्टा म्हणजे रेझिनमध्ये दाबून बसवलेले कापडाचे थर, आणि जी-टेन म्हणजे तसेच काचेच्या तंतूंचे थर. मायकार्टाला आरशासारखं चमकवलं की तो ओल्या हातात साबणासारखा निसटतो. उपाय सोपा: १२० ते १८० नंबरच्या पेपरने हाताने घासून तसाच ठेवायचा. कापडाचे तंतू उघडे राहतात आणि ओलं झाल्यावर पकड उलट वाढते. जी-टेनचं उलटं. त्यात काचेचे तंतू असतात, खाचांच्या कडा धारदारच राहतात, त्यामुळे कडा बोथट केल्याशिवाय मूठ हातात देऊ नका.

दोन्हींची धूळ फुप्फुसांना वाईट. पाणी लावून घासा आणि तोंडाला चांगला मास्क लावा, साध्या रुमालाने काही होत नाही. पकडीसाठी सॉल्डरिंग आयर्नने ठिपके डागणं फक्त लाकडावर. मायकार्टा किंवा जी-टेन जाळला तर निघणारा धूर विषारी असतो. लाकडावर डागतानाही एकाच जागी रेंगाळू नका आणि रिवेटपासून लांब राहा. उष्णता आत गेली की पट्टी चिकटवणारं इपॉक्सी मऊ पडतं आणि पट्टी सुटायला लागते.

पाठीवरचे दाते

अंगठा टेकायला पात्याच्या पाठीवर खाचा हव्या असतील तर त्या पोलाद कडक करण्याआधी पाडा. नंतर साधी कानस नुसती घसरते. ग्राइंडर लावला आणि पोलादावर निळसर रंग आला, तर तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा. उशीर झालाच असेल तर डायमंड कानस, पाणी आणि सबुरी.

शेवटचा हात

जाड व्हार्निश खाचांत साचतं आणि सगळं पुन्हा गुळगुळीत. जवसाचं तेल पातळ लावा, जरा वेळाने पुसा, खाचांतलं उरलेलं जुन्या टूथब्रशने काढा. तेल चिकट व्हायच्या आत हे झालं पाहिजे. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

स्वयंपाकाच्या सुरीवर तर खोल जाळी नकोच. तिथे अन्नाचे कण अडकतात, आणि अशी मूठ नीट धुता येत नाही.

बिघडलंच तर

दाणे टोचत असतील तर ४०० नंबरचा पेपर दोनतीनदा हलकेच फिरवा, जास्त नाही. टवका उडाला आणि तुकडा सापडला तर पातळ सुपर ग्लूने जागच्या जागी बसवा. नसेल सापडला तर त्याच लाकडाचा भुसा भरून त्यावर ग्लूचा थेंब सोडा. डाग थोडा गडद दिसेल, चालतं. रेघ कडेबाहेर पळाली असेल तर तिला लपवणारी किनार जरा रुंद कोरून घ्या. मात्र किनार वाढवायची तर दोन्ही बाजूंना सारखी वाढवा, एकच बाजू रुंद झाली की चूक लगेच नजरेत भरते.