डीएसजीचं ऑइल घरी बदलताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पाना हातात घेण्याआधीच होते. गाडीच्या मागे डीएसजी (स्कोडा-फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) लिहिलेलं असतं, डीएसजीचं ऑइल बदलायचा एखादा व्हिडिओ सापडतो आणि रविवारी सकाळी माणूस गाडीखाली शिरतो. पण डीएसजी या एकाच नावाखाली आपल्याकडे एकमेकांपासून अगदी वेगळे गिअरबॉक्स विकले गेले आहेत. स्कोडा लॉरा आणि जुन्या ऑक्टेव्हिया, सुपर्बच्या दोन लिटर डिझेलमध्ये सहा गिअरचा डीक्यू२५० आहे. त्याचे दोन्ही क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, म्हणून त्याला ओला क्लच म्हणतात. पोलो जीटी टीएसआय, ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय, कुशाक आणि स्लाव्हियाचं १.५ इंजिन यांच्यात सात गिअरचा डीक्यू२०० आहे. त्याचे क्लच कोरडे असतात.

कोरड्या क्लचवाल्या गिअरबॉक्समध्ये गिअरचं ऑइल वेगळं आणि गिअर बदलणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटचं ऑइल वेगळं. ठरावीक किलोमीटरला ते बदला असं कंपनी सांगत नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच गिअरबॉक्सच्या गाड्या जगभरातून परत बोलावल्या होत्या, त्यातलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल भरण्यासाठी. ते काम वर्कशॉपचं होतं. पोलो सिग्नलवरून निघताना थरथरते म्हणून घरी ऑइल बदलून काही होणार नाही. ती थरथर बहुतेक वेळा क्लचची असते आणि त्या क्लचला ऑइल लागतच नाही. ह्युंदाई व्हेन्यूच्या टर्बो पेट्रोलचा डीसीटी, म्हणजे तिचा दोन क्लचचा गिअरबॉक्स, तोही कोरड्या क्लचचा आहे. उलट टाटा अल्ट्रोजचा २०२२ मध्ये आलेला डीसीए हा तसाच दोन क्लचचा गिअरबॉक्स ओल्या क्लचचा आहे, पण त्याची कृती आणि ऑइल वेगळं. त्यामुळे पुढे लिहिलेलं सगळं फक्त डीक्यू२५० साठी आहे. माझ्या लॉरात तोच आहे आणि मी तो दोनदा उघडला आहे. पहिल्यांदा चुकलो, म्हणून हे लिहितोय.

ऑइल बदलायचंच कशाला, असं विचारणारे भेटतात. या गिअरबॉक्समध्ये एकच ऑइल तीन कामं करतं. गिअरना वंगण देतं, क्लच थंड ठेवतं आणि हायड्रॉलिक दाबाने गिअर बदलतं. क्लचची झीज होऊन निघालेली बारीक भुकटी याच ऑइलमध्ये फिरते आणि फिल्टरमध्ये अडकते. कंपनीने सांगितलेलं अंतर ६०,००० किलोमीटर आहे. पण मुंबईच्या जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) संध्याकाळी सात वाजता गाडी पावलापावलाने सरकते, तेव्हा पहिल्या गिअरचा क्लच सतत अर्धवट पकडीत घासत असतो. किलोमीटर फार वाढत नाहीत, उष्णता मात्र वाढते. रोज अशा रस्त्यावर असणाऱ्याने ५०,००० ला बदलावं, असं माझं मत आहे.

ऑइल आणि सामान

'ऑटोमॅटिकचं ऑइल' असं मागून जे मिळेल ते भरू नका. डीक्यू२५० ला जी ०५२ १८२ या क्रमांकाचं, किंवा त्याला चालतं असं डब्यावर स्पष्ट छापलेलं ड्युअल क्लचचं ऑइल लागतं. साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, चालत नाही, कारण ओल्या क्लचची पकड ऑइलच्या गुणधर्मावर ठरते. साधारण सव्वापाच लिटर लागतं, म्हणून सहा लिटर घ्या. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात हे मिळतं, पण पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि डब्याचं सील दुकानातच तपासा. नवा फिल्टर, फिल्टरच्या झाकणाची नवी रबर रिंग आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, हे तिन्ही हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका. जुना वॉशर चालेल असं वाटतं, आणि आठवड्याने पार्किंगच्या फरशीवर डाग दिसतो.

फिल्टर गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला असतो. लॉरात तिथे पोचायला बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. झाकणाला २४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो. ते उघडण्याआधी भोवतालची धूळ ब्रशने आणि कापडाने नीट साफ करा. आपल्याकडे बॉनेटखाली काय काय साचतं! बांधकामाची धूळ, झाडाखालच्या पार्किंगची वाळलेली पानं. यातला एक कण फिल्टरच्या भोकातून आत गेला तर तो थेट मेकॅट्रॉनिकच्या दिशेने जातो. झाकण थोडं सैल करून काही मिनिटं थांबा, आतलं ऑइल खाली उतरू द्या, मगच फिल्टर उचला. नवा फिल्टर बसवताना त्याचं निमुळतं टोक खाली जायला हवं. झाकण २० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) इतकंच आवळा. प्लास्टिकचं आहे, जोर लावाल तर फुटेल.

नळीची गोष्ट

खालचा ड्रेन बोल्ट काढला की थोडं ऑइल येतं आणि धार थांबते. नवख्याला वाटतं, झालं. प्रत्यक्षात चार लिटरांहून जास्त आतच असतं. ड्रेनच्या भोकात एक प्लास्टिकची उभी नळी असते, ती ८ मिलिमीटरच्या अॅलन कीने काढायची. तीच ओव्हरफ्लोची नळी. तिच्या उंचीवरून ऑइलची पातळी ठरते. ती काढल्यावर खरी धार सुरू होते.

मग होते ती उलटी चूक: नळी परत बसवायला विसरणं. नळीशिवाय भरलं की नंतर पातळी बघायला बोल्ट काढताच सगळं नवं ऑइल बाहेर येतं. नळी आधी बसवा आणि हलक्या हाताने बसवा, तिला फक्त ३ न्यूटन मीटर पुरे. बाहेरच्या बोल्टला ४५. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, नसेल तर कुणाकडून मागून आणा, पण अंदाजाने आवळू नका. गिअरबॉक्सचं आवरण अॅल्युमिनियमचं आहे, त्याचे आटे गेले तर प्रकरण फार वाढतं.

निघालेलं ऑइल मोजा. ही गोष्ट मला कुर्ल्याच्या एका वयस्क मेकॅनिकने शिकवली. पहिल्या खेपेनंतर माझी गाडी रिव्हर्स पडायला वेळ घेऊ लागली आणि पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरला हिसका देऊ लागली. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. एवढंच विचारलं, "निघालं किती, भरलं किती, ते मोजलंत का साहेब?" मी मोजलं नव्हतं. पातळी बघताना किती सांडलं, तेही माहीत नव्हतं. तेव्हापासून मी पाण्याच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटल्या धुऊन, वाळवून ठेवतो आणि जुनं ऑइल त्यात भरतो. पाच बाटल्या आणि वर थोडं निघालं तर हिशोब बरोबर. चारच भरल्या तर भरण्याआधी शोधायचं: कुठून गळतंय, की मागच्या वेळी कमी भरलं होतं?

पातळी

या कामात पाने चालवण्याचा भाग अर्ध्या दिवसात शिकता येतो. चूक होते ती पातळी लावताना. या गिअरबॉक्सला ऑइल बघायची पट्टी नसते. पातळी लावायची रीत अशी: ऑइल भरा, इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी, एस या प्रत्येक ठिकाणी लिव्हर काही सेकंद धरा, परत पी वर आणा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना खालचा बोल्ट काढा. जास्तीचं ऑइल नळीतून वाहून जातं. धार तुटून थेंब पडू लागले की बोल्ट लावा. काहीच आलं नाही तर ऑइल कमी आहे, आणखी भरा.

यातली प्रत्येक अट पाळावी लागते. इंजिन बंद करून पातळी बघितली तर पंपाने वर ओढलेलं ऑइल खाली उतरलेलं असतं, ते जादा समजून वाहून जातं आणि गाडी कमी ऑइलवर चालते. ऑइल फार गरम असेल तर ते फुगलेलं असतं, तेव्हाही जास्त वाहून जातं. फार थंड असेल तर उलटं, जादा आत राहतं.

मी ती चूक मे महिन्यातल्या दुपारी केली. गाडी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या अंगणात उन्हात उभी होती. इंजिन सुरू केलं, गिअर फिरवले, आणि डॅशबोर्डचा काटा अजून खाली आहे म्हणून निवांत राहिलो. तो काटा इंजिनच्या पाण्याचा. गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान डॅशबोर्ड दाखवत नाही, त्यासाठी ओबीडी सॉकेटला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटला) स्कॅनर लावून गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमधला आकडा वाचावा लागतो. बाहेरून आवरणावर इन्फ्रारेड गन मारणंही उपयोगाचं नाही, आवरण आणि आतलं ऑइल एका तापमानाला नसतात. मे महिन्यात मुंबईत पहाटेही पारा २७-२८ च्या खाली फारसा जात नाही, म्हणजे ३५ अंश गाठायला वेळच लागत नाही आणि ४५ कधी ओलांडले ते कळत नाही. दुसऱ्या खेपेला मी जानेवारीतली पहाट निवडली. गाडी रात्रभर सावलीत उभी होती आणि पुतण्या आत बसून स्कॅनरवरचा आकडा मोठ्याने वाचत होता. त्याने ३६ म्हटलं तेव्हा बोल्ट काढला, ३९ ला लावला.

दुसरी गोष्ट उताराची. सोसायटीचं अंगण सपाट दिसतं, पण पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. त्यात फक्त पुढची चाकं उचलली की नळीच्या तोंडाशी असलेली पातळी खोटी ठरते. चारही कोपरे सारखे उचलून जॅकस्टँडवर, म्हणजे आपल्या गॅरेजवाल्यांच्या घोड्यांवर, ठेवायचे. मग दाराच्या उंबऱ्यावर गवंड्याची पाणसळ लावून दोन्ही दिशांनी बघायचं. मी पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास ठेवला होता.

गाडी घोड्यांवर असताना लिव्हर फिरवली की पुढची चाकं हवेत फिरतात. त्या वेळी गाडीखाली कुणीही नको, हातसुद्धा नको. आत बसलेल्याने लिव्हर पी वर आणून "पी" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय खाली जायचं नाही, हा नियम मी मोडत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर कधीच जाऊ नका. बंद तळघरातल्या पार्किंगमध्येही हे काम नको, इंजिन चालू ठेवावं लागतं आणि धूर तिथेच कोंडतो.

झाल्यावर काही बिघडलं तर

गिअर पडायला उशीर, चढावर हिसका, इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही: आधी पातळी. शंभरातल्या पंचाहत्तर वेळा असं आकड्यात मी सांगणार नाही, पण ऑइल बदलल्यानंतर सुरू झालेला त्रास असेल तर पहिला संशय तिथेच घ्या. वरच्या बाजूने, हवा जायच्या नळीजवळ ऑइल दिसलं तर जादा भरलंय. खाली थेंब दिसले तर वॉशर आणि बोल्ट. बॅटरी काढली असेल तर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागणं आणि काचांचं एका दाबात वर न जाणं नेहमीचं आहे. थोडं अंतर चालवल्यावर दिवा जातो, काचा पुन्हा शिकवाव्या लागतात.

डॅशबोर्डवर पीआरएनडीएस अक्षरं लुकलुकू लागली तर मात्र घरचं काम तिथे थांबवा. स्कॅनरने कोड वाचून लिहून ठेवा, पुसू नका, कारण पुसलेला कोड मेकॅनिकच्या उपयोगाचा नसतो. गाडी हायवेवर नेऊन बघूया असा मोह आवरा आणि फ्लॅटबेड बोलवा. ऑइल बदलायच्या आधीच गाडी घसरत असेल आणि निघालेल्या ऑइलला जळका वास असेल, तर नव्या ऑइलने झिजलेला क्लच सुधारत नाही.

उरलं जुनं ऑइल. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. अंगणातल्या गटारात ओतलेलं आमच्याकडे नाल्यातून थेट ठाण्याच्या खाडीत जातं. बाटल्या घट्ट बंद करून मी त्या ओळखीच्या गॅरेजला देतो. त्यांच्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीचा माणूस पिंपं न्यायला येतो. देण्याआधी बाटल्यांचा फोटो काढतो आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवतो: तारीख, किलोमीटर, निघालं ५.१ लिटर, बोल्ट लावला ३९ अंशांना.