उठण्याआधी दोनदा प्रभूची प्रार्थना

मी ७६ वर्षांची आहे. त्यातली ३७ वर्षं नर्सिंगमध्ये गेली, बहुतेक सगळी नागपुरातच. म्हातारी माणसं मी भरपूर पाहिली. त्यांना आंघोळी घातल्या, तोंडं धुतली, पाठीला पावडर लावून कुशीवर वळवलं. म्हातारपण म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी पक्की समजूत होती. स्वतःवर आलं तेव्हा कळलं की मला पलंगाच्या एकाच बाजूचं काम येत होतं. पडून राहणाऱ्याच्या बाजूचं मी कधी शिकलेच नव्हते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माझ्याहून धाकट्या बहिणी विचारतात, "मावशी, तुम्ही कसं निभावता?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. केलं आणि उपयोगी पडलं, तेवढंच.

सकाळपासून सांगते. जाग आली की ताडकन उठू नका. या वयात आडवं असलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पाय जातो. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, पलंगाच्या काठावर बसा आणि प्रभूची प्रार्थना, म्हणजे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', सावकाश दोनदा म्हणा. रोजच्या भाकरीची ओळ आली की थांबा आणि त्या दिवसाला काय हवं ते मागा. एवढ्यात दीड-दोन मिनिटं जातात, आणि शरीराला तेवढीच हवी असतात. मग पायाचे पंजे दहा-बारा वेळा वरखाली करा आणि भिंतीला हात टेकून उभं राहा. वॉर्डात मी पेशंटला घड्याळाकडे पाहून दोन मिनिटं बसायला सांगायची, कोणी बसत नसे. प्रार्थना सांगितली की बसतात.

पाण्याचं तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि उतारवयात तहान लागलेली लवकर कळत नाही. तहानेची वाट पाहू नका. मी सकाळीच माठातलं पाणी दोन बाटल्यांत भरून डोळ्यांसमोर ठेवते, संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या व्हायला हव्यात. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. गुड फ्रायडेची बारा ते तीनची उपासना नागपुरात भर उन्हाची असते. दाराजवळच्या बाकावर बसा, बाटली सोबत घ्या, आणि सगळे गीताला उभे राहिले तरी पाय थकले असतील तर बसून गा. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात डायबेटीसची गोळी घेऊन वर निरंकार उपास धरलेल्या आणि घेरी येऊन पडलेल्या बाया मी या हातांनी उचलल्या आहेत. साखरेचा आजार असेल तर अन्नाचा उपास करू नका. बोलण्याचा करा. चाळीस दिवस कोणाची कागाळी करायची नाही, असा उपास मी तीन वर्षं धरला आहे, आणि तो भाकरी सोडण्याहून जड जातो.

गोळ्यांवरून एक गोष्ट कळकळीनं सांगते. अधूनमधून कोणी तरी उपदेशक येतो आणि म्हणतो, विश्वास असेल तर औषध कशाला? असं ऐकून एका ओळखीच्या बाईनं बीपीची गोळी सोडली. तिला अर्धांगवायू झाला, आणि वर अपराधी वाटत राहिलं की आपलाच विश्वास कमी पडला. हे फार क्रूर आहे. बायबलमध्ये पाहा, प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी ठेवलं, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, प्रभूला तीनदा विनवूनही निघाला नाही. यांतल्या कोणाला अविश्वासू म्हणायचं? गोळी डाव्या हातात घ्या, पाण्याचा पेला उजव्या हातात, उपकार माना आणि गिळा.

आता पाठांतर. डोळे चांगले आहेत तोवर करून ठेवा. स्मृतिभ्रंश झालेली माणसं मी पाहिली आहेत. मुलीचं नाव आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, पण लहानपणचं गीत सुरू केलं की दुसऱ्या ओळीपासून स्वतः गाऊ लागतात. सुरात बसलेलं उशिरापर्यंत टिकतं. म्हणून नुसतं वाचू नका, मोठ्यानं आणि चालीत म्हणा. बायबलमध्ये स्तोत्रं १५० आहेत, रोज पाच घेतली की महिन्यात एक फेरी होते. मला तेवढं झेपत नाही, मी रोज एकच घेते. पहिल्यांदा तेविसावं, मग एकाहत्तरावं. या एकाहत्तराव्यात म्हातारा माणूस देवाला सरळ म्हणतो, माझी शक्ती सरली म्हणून मला टाकू नकोस. ज्या रात्री झोप येत नाही त्या रात्री हे लागतं. दिवा लावावा लागत नाही, सुनेची झोपमोड होत नाही.

यापुढचं मला फार जड गेलं. मंडळीच्या महिला मंडळाची खजिनदार मी बावीस वर्षं होते. हिशेबात कधी एक रुपयाचा फरक पडला नाही. सत्तरीनंतर आकडे डोळ्यांपुढे नाचू लागले तरी वही सोडवेना. तेव्हा मला बर्जिल्लय भेटला. बायबलमध्ये २ शमुवेल या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. दावीद राजा त्याला म्हणतो, यरुशलेमेला चल, मी तुला पोसतो. बर्जिल्लय ८० वर्षांचा. तो म्हणतो, मला आता खाण्यापिण्याची चव कळते का? गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो का? मी राजाला भार कशाला होऊ? हा किम्हाम आहे, याला घेऊन जा. किती सरळ माणूस! रडगाणं नाही, रुसवा नाही. आपल्याला काय येईनासं झालं ते त्यानं मोजून सांगितलं आणि पुढच्याचं नाव घेतलं.

तसंच करा. 'बघू कधी तरी' म्हणू नका, तारीख ठरवा. ज्या बाईला वही द्यायची तिला आधी तीन महिने शेजारी बसवून शिकवा. वही, पावतीपुस्तक, बँकेचं पासबुक, कपाटाची किल्ली असं सगळं एकाच दिवशी द्या, आणि पुढच्या सभेत हिशेबावर तोंड उघडू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड. माझ्यानंतरची मुलगी हिशेब मोबाइलवर ठेवते. पहिले सहा महिने माझा जीव वर-खाली होत होता. तिच्याही हिशेबात फरक पडत नाही.

वही गेली म्हणून काम संपत नाही. आता माझ्याकडे सांगण्याचं काम आहे. संडेस्कूलच्या पोरांना वाटतं, आपली मंडळी पहिल्यापासून अशीच. मी त्यांना सांगते की २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. मी तेव्हा शिकाऊ नर्स, माझी ड्यूटी होती, जाता आलं नाही. ती रुखरुख अजून आहे. हिस्लॉप कॉलेजवरून जाताना नातवाला सांगते, ज्यांचं हे नाव ते स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटहून परतताना नदीत बुडून गेले, पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही. मला त्यांच्यापेक्षा तीस वर्षं जास्त मिळाली आहेत. तुम्हीही तुमच्या मंडळीचं काय आठवतं ते सांगा. एका वेळी एकच गोष्ट, दहा मिनिटांच्या आत.

चार वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये घसरले. ओली फरशी, रबरी चटई नाही, धरायला कडी नाही. दुसऱ्यांच्या घरी जाऊन हे सगळं बसवायला सांगणारी मी, आणि माझ्याच घरी नव्हतं. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. एका हातानं परकराची नाडी बांधता येत नाही. सून म्हणाली, "आई, मी बांधून देते." मी म्हटलं, "राहू दे." दार लावून अर्धा तास झटापट केली. घामानं निथळले, रडले. शेवटी ती दाराबाहेरून म्हणाली, "काऊन असं करता, आई? तुम्ही आयुष्यभर लोकांचं केलं ना?"

त्या रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडला. प्रभू येशू आपला शिष्य पेत्र याला म्हणतो, तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून पाहिजे तिथे जात होतास, म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील. योहान लगेच सांगतो की हे पेत्राच्या मरणाविषयी होतं. ते खरंच आहे. पण मला ते माझ्या नाडीविषयीही वाटलं. याच पेत्रानं आधी पाय धुऊन घ्यायला नकार दिला होता. तेव्हा प्रभू म्हणाला होता, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. धुणाऱ्याचं काम मला मान देऊन गेलं होतं. धुऊन घेण्यात मान असतो, हे मी मानतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुनेपुढे उभी राहिले आणि हात वर केले.

तेव्हापासून शिकले ते सांगते. मदत स्पष्ट शब्दांत मागा. 'माझ्याकडे कोणी बघत नाही' असं म्हणण्याऐवजी 'पाचला डोळ्यांत थेंब घालून दे' म्हणा. करणाऱ्याला तिच्या पद्धतीनं करू द्या. चूक काढायची ती फक्त दुखतं तिथली. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल आणि मांडीवर कोरडा टॉवेल ठेवा, म्हणजे तुमची लाज राखली जाते आणि तिलाही संकोच होत नाही. रोज नाव घेऊन आभार माना. आणि तिच्यासाठी प्रार्थना करा, ती समोर असताना, तिच्या डोक्यावर हात ठेवून. माझ्या सुनेला पाठदुखी आहे हे मला सात वर्षं माहीत नव्हतं. प्रार्थनेत काय मागू असं विचारलं, तेव्हा कळलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मृत्युपत्र करून ठेवा. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो. सही दोन साक्षीदारांसमोर करा, आणि ज्याला काही द्यायचं आहे त्याला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका, नाही तर त्याला दिलेलं रद्द होतं. मृत्युपत्र नसलं आणि मागे जोडीदार व मुलं असली तर एक तृतीयांश जोडीदाराला, बाकी मुलामुलींना सारखं. मुलीला कमी मिळत नाही, हे मुलांना जिवंतपणीच सांगा. सोबत एक पान दफनविधीचं लिहा: कोणती गीतं, कोणता शास्त्रपाठ, कोणाकोणाला फोन. मी कपाटात वरच्या खणात ठेवलं आहे आणि नातवाला जागा दाखवली आहे. ज्यांच्याशी बोलणं तुटलं आहे त्यांची नावं मात्र त्या पानावर ठेवू नका, त्यांना आजच फोन करा. माझ्या भावाशी घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं अबोला होता. फोन मी केला. तो इतकंच म्हणाला, "जेवलीस का?"

रविवारची तयारी शनिवारीच करायची. साडी, चष्मा, दानाचं पाकीट, गीतपुस्तक, गोळ्यांची डबी, पाण्याची बाटली, सगळं एका पिशवीत. ऑटोवाल्याला संध्याकाळीच सांगून ठेवा, आणि ओळखीचा एकच ठरवा. माझा गेली सहा वर्षं तोच आहे. पूर्वी उतरताना तो हात द्यायचा आणि मी म्हणायची, "उतरते रे मी." आता कॅथेड्रलच्या फाटकाशी ऑटो थांबला की मी आपणहून हात लांब करते.