लाकडी घड्याळ सारखं बंद पडतंय? वजन वाढवू नका, आधी या चुका शोधा

सगळी चाकं जोडून झाली, घड्याळ भिंतीवर लावलं, लंबकाला हलका झोका दिला, मिनिटभर छान टिकटिक झाली आणि मग बंद. घरी लाकडी घड्याळ बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. आणि त्यानंतर बहुतेक जण दोरीला अजून वजन लावतात, दोन किलोचं तीन, तीनचं पाच, मग घड्याळ थोडा वेळ चालतंही, म्हणून वाटतं की जमलं. जमलेलं नसतं. वजन वाढलं की आसांवरचा दाब वाढतो, दाबाबरोबर घर्षण वाढतं, आणि मुळात जिथे अडकत होतं ती जागा तशीच राहते. माझ्या पहिल्या घड्याळाला मी असंच वजन चढवत गेलो आणि पहिल्या चाकाचा एक दात बुडापासून तुटला, कारण सगळ्यात जास्त जोर त्याच चाकावर येतो. तेव्हापासून माझं पक्कं मत आहे की घड्याळ थांबलं तर ताकद कमी पडतेय असं धरायचंच नाही, कुठेतरी घासतंय असं धरून चालायचं.

तपासायची सोपी पद्धत अशी. अँकर, म्हणजे लंबकाबरोबर हलत शेवटच्या चाकाचा एकेक दात अडवणारा-सोडणारा भाग, काढून ठेवा, म्हणजे त्या शेवटच्या चाकाला अडवणारं काही राहत नाही. दोरीला नेहमीचं वजन न लावता अगदी छोटं, शंभर-दोनशे ग्रॅमचं लावा आणि हात सोडा. सगळी चाकं आपोआप, हळूहळू फिरायला लागली पाहिजेत. नाही फिरली तर दोन-दोन चाकांची जोडी वेगळी लावून बोटाने फिरवून बघा, कुठे जड लागतं ते लगेच हाताला कळतं. मात्र पूर्ण वजन लावून हा प्रयोग करू नका, चाकं भन्नाट वेगाने पळतात आणि दात उडतात.

आता चुका सुरू कुठे होतात ते बघू. पहिली तर लाकूड कापायच्याही आधी होते, प्रिंट काढताना. प्रिंटरमध्ये ‘पानात बसव’ असा पर्याय चालू राहिला की नकाशा 97 टक्के वगैरे होतो आणि डोळ्याला काही कळत नाही. सगळी पानं एकाच वेळी छापली असतील तर सगळंच सारखं लहान होतं, म्हणून दात तरी जुळतात, पण फ्रेमचं पान नंतर वेगळं छापलं तर संपलं. उदाहरणार्थ 64 दातांचं चाक आणि 8 दातांचं पिनियन (म्हणजे त्याला भिडणारं छोटं चाक), मॉड्यूल (म्हणजे चाकाचा व्यास मिमीमध्ये भागिले दातांची संख्या) 3 असेल तर दोन आसांमधलं अंतर 108 मिमी यायला हवं. 97 टक्क्यांच्या पानावर ते 105 च्याही आत येतं आणि दात एकमेकांत रुतून बसतात. म्हणून प्रत्येक पानावर 100 मिमीची एक रेघ ठेवा आणि पट्टीने मोजल्याशिवाय कागद लाकडावर चिकटवू नका.

दुसरं, अखंड फळीतून चाक कापणं. दिसायला सुंदर दिसतं, पण लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही आणि आडवं मात्र ओलाव्याने चांगलंच फुगतं. 200 मिमीचं चाक आडवं 1 टक्का जरी फुगलं तरी 2 मिमीचा फरक, म्हणजे गोल चाक लंबगोल झालं. शिवाय ज्या दातांमध्ये रेषा आडव्या येतात ते दात फटकन तुटतात. चांगलं बर्च प्लाय घ्या, त्यात थर उलटसुलट असतात म्हणून ते बऱ्यापैकी स्थिर राहतं. अखंड लाकूडच हवं असेल तर तुकडे जोडून असं चाक बनवा की प्रत्येक दातात रेषा बाहेरच्या दिशेने जातील. जॉन हॅरिसन मुळात सुतार, 1713 च्या सुमारास त्याने जवळजवळ पूर्ण लाकडी घड्याळ केलं होतं, त्याच्या ओकच्या चाकांमध्ये दातांचे तुकडे नेमके असेच बसवलेले आहेत.

मधलं भोक हा तर बहुतेक रोगांचा उगम आहे. भोक अर्धा मिमी जरी सरकलं तरी चाक एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल लागतं. आधी भोक पाडा, मग त्या भोकावरूनच चाक फिरवून बाहेरचा घेर सारखा करा, आणि दात त्यानंतर कापा. फ्रेमच्या पुढच्या-मागच्या फळ्या एकत्र क्लॅम्प करून स्टँडवरच्या ड्रिलने एकदमच भोकं पाडा, हातात धरलेल्या ड्रिलने सरळ भोक पडत नाही, कितीही सवय असो.

आणि इथे एक युक्ती आहे जी मला फार उपयोगी पडली. घड्याळ थांबलं की दर वेळी वेळ लिहून ठेवा आणि जिथे दात भिडलेत तिथे पेन्सिलने खूण करा. समजा मिनिटकाट्याच्या, म्हणजे तासाला एक फेरी करणाऱ्या चाकाला 64 दात, ते 8 च्या पिनियनला फिरवतं, त्याच आसावर 60 दातांचं चाक आणि ते पुढे 8 च्या पिनियनला, म्हणजे शेवटचं 30 दातांचं चाक बरोबर मिनिटात एक फेरी करतं. आता दर मिनिटाला एकाच जागी अडखळत असेल तर दोष शेवटच्या चाकात किंवा त्याच्या पिनियनमध्ये, साडेसात मिनिटांच्या पटीत थांबत असेल तर मधल्या चाकात, आणि दर तासाला ठरावीक मिनिटालाच थांबत असेल तर मिनिटाच्या चाकात नाहीतर काट्यात. काट्यात म्हणजे कसं, तर लांब लाकडी मिनिटकाटा जड असतो आणि 30 कडून 60 कडे चढताना चाकांना तो उचलावा लागतो, सगळ्यात जास्त जोर 45 च्या आसपास. पाऊणच्या सुमारास थांबणाऱ्या घड्याळात आधी काट्याची मागची शेपटी जड करा, बाकी काही उघडू नका.

दातांना व्हार्निश लावू नका, तेल तर अजिबात नको, लाकूड तेल पितं, फुगतं, वर धूळ चिकटते. दात बारीक पॉलिश पेपरने फक्त गुळगुळीत करा, घासत बसलात तर आकारच जातो. आसांच्या भोकात थोडी ग्रॅफाइट पावडर पुरते.

अँकर खूप खोल बसला तर चाक अडकतं, वर राहिला तर दात घसरून चाक सुसाट सुटतं, म्हणून त्याचा आस वर-खाली सरकवता येईल अशी सोय आधीच ठेवा, पॅलेट, म्हणजे अँकरची दातांना भिडणारी टोकं, कानशीने घासून जुळवायला जाऊ नका. टिक आणि टॉक यांतलं अंतर कानाने ऐका. ते लंगडं येत असेल तर घड्याळ भिंतीवर तिरकं करायचं नाही, लंबकाला ढकलणारा दांडा अँकरच्या आसावर किंचित फिरवायचा.

काही घड्याळं दोन-तीन दिवस मस्त चालून मग थांबतात, त्यात वजन कुठे लोंबतंय ते बघा. वजन खाली येत येत लंबकाच्या गोळ्याच्या पातळीला आलं की दोरीची लांबी लंबकाएवढी होते आणि वजनच त्याच तालात झुलायला लागतं, लंबकाची ताकद खातं. फ्रेम भिंतीला स्क्रूने घट्ट आवळली की हा त्रास बहुतेक जातो, एका खिळ्यावर टांगलेल्या घड्याळात तो हमखास होतो.

वेळ जुळवायचं काम सगळ्यात शेवटी. सेकंदाला एक टिक देणारा लंबक साधारण 994 मिमीचा, आणि त्यात 1 मिमी फरक केला की दिवसाला सुमारे 43 सेकंद पडतात. एम 6 च्या नटाचा आटा 1 मिमीचा असतो, म्हणजे एक पूर्ण फेरी म्हणजे तेवढाच फरक. घड्याळ मागे पडत असेल तर गोळा वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. दांडी स्टीलची असेल तर 10 अंश तापमान वाढल्यावर दिवसाला जवळपास 5 सेकंद मागे पडेल, सरळ रेषांच्या लाकडी दांडीत हे बरंच कमी होतं, फक्त तिला ओलावा लागू नये म्हणून नीट पॉलिश करा, व्हार्निश लावायचं तर ते इथे. आणि नट फिरवल्यावर निदान 24 तास हात लावू नका, तासाभरात बघून पुन्हा फिरवलं की कुठला फरक कशाने पडला तेच कळत नाही.