अ‍ॅक्युपंक्चरवरचं मेटा-अ‍ॅनालिसिस: या चुका टाळा

अ‍ॅक्युपंक्चरच्या बहुतेक चाचण्या लहान असतात, म्हणून त्या एकत्र करून एक भक्कम आकडा काढायचा, हा मेटा-अ‍ॅनालिसिसचा हेतू. फॉरेस्ट प्लॉटच्या, म्हणजे सगळ्या चाचण्यांचे निकाल एकाखाली एक मांडणाऱ्या आलेखाच्या, तळाशी एकत्रित निकाल दाखवणारा अरुंद हिरा दिसला की वाद मिटला असं वाटतं. पण त्या हिऱ्याची रुंदी फक्त योगायोगामुळे होणारी चूक दाखवते. मुळात चाचण्याच एका बाजूला कललेल्या असतील, तर त्या एकत्र केल्याने तो कल जात नाही. उलट तोच कल जास्त ठामपणे छापला जातो.

कशाशी तुलना केली हे न बघता आकडा उचलणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. २०१२ साली अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी २९ चाचण्यांतल्या १७,९२२ रुग्णांच्या मूळ नोंदी गोळा करून विश्लेषण केलं. छापील सरासऱ्यांवर न थांबता प्रत्येक रुग्णाच्या नोंदीपर्यंत गेल्यामुळे हे काम वरच्या दर्जाचं मानलं जातं. त्यांनी समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण असं: ० ते १०० च्या मापावर सुरुवातीला वेदना ६० आहे. काही काळाने सुया न टोचलेल्या गटात ती ४३ वर येते, शॅम म्हणजे दिखाऊ सुया टोचलेल्या गटात ३५ वर आणि खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटात ३० वर.

आता यातला कोणता फरक सांगायचा, १३ गुणांचा की ५ गुणांचा? समर्थक पहिला सांगतात, विरोधक दुसरा, आणि दोघंही एकाच शोधनिबंधाचा दाखला देतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. १३ मध्ये रुग्णाची अपेक्षा, उपचार करणाऱ्याने दिलेला वेळ, निवांत पडून राहणं हे सगळं येतं. ५ मध्ये नेमक्या बिंदूवर नेमकी सुई टोचल्याने पडलेला फरक उरतो, तोही पूर्ण स्वच्छ नाही, कारण सुई टोचणाऱ्याला ती खरी की खोटी हे माहीत असतं. जर्मनीतल्या गेराक चाचणीत (२००७, कंबरदुखीचे ११६२ रुग्ण) हेच चित्र उघड दिसतं: खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के रुग्णांना समाधानकारक आराम पडला, शॅमने ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना.

शॅमही एकाच प्रकारचं नसतं. कुठे चुकीच्या जागी वरवर सुई टोचतात, तर कुठे स्ट्राइटबर्गरने १९९८ मध्ये मांडलेली, टोक आत सरकणारी आणि त्वचेत न शिरणारी सुई वापरतात. वरवर टोचलेल्या सुईचाही काही परिणाम होत असेल, म्हणून शॅमशी तुलना केली की अ‍ॅक्युपंक्चरवर अन्याय होतो, असा एक युक्तिवाद आहे. तो सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. पण तो मान्य केला, तर नेमक्या बिंदूंना फार महत्त्व नाही हेही मान्य करावं लागतं, आणि तिथे युक्तिवाद करणारे सहसा गप्प होतात. संकलन करताना, म्हणजे चाचण्या एकत्र करताना, ‘शॅम’ आणि ‘उपचार नाही’ हे दोन ढीग वेगळेच ठेवा. एकत्र मिसळून निघालेल्या सरासरीला काही अर्थ उरत नाही.

स्टँडर्ड एररला स्टँडर्ड डेव्हिएशन समजणं

चूक क्षुल्लक दिसते, पण सगळं विश्लेषण बुडवते. समजा, ३६ जणांच्या गटात वेदनेच्या गुणांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रुग्णारुग्णांतल्या गुणांचा पसारा, २४ आहे. मग स्टँडर्ड एरर, म्हणजे गटाच्या सरासरीतली अनिश्चितता, २४ भागिले ३६ चं वर्गमूळ, म्हणजे ४. तक्त्यात ‘३५ ± ४’ असं छापलेलं असतं आणि ते ४ कशाचं हे तळटिपेत दडलेलं असतं. गटांमधला फरक ५ गुणांचा असेल, तर खरा प्रमाणित परिणाम (फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन) ५ भागिले २४, म्हणजे ०.२१. चुकून ४ ने भागलं की तोच १.२५ होतो. साध्या सरासरी-फरकाचं संकलन करत असाल तर आणखी वाईट: वजन व्हेरियन्सच्या (स्टँडर्ड एररच्या वर्गाच्या) व्यस्त प्रमाणात दिलं जात असल्याने त्या चाचणीला ३६ पट वजन मिळतं आणि ती एकटीच हिरा ओढून नेते.

ओळखायचं कसं? १०० च्या मापावर वेदनेचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण विशीच्या आसपास असतं. तिथे ३ किंवा ४ दिसलं की थांबा आणि मूळ निबंध काढा. इतरांचे परिणाम ०.२ च्या आसपास असताना एकच चाचणी १ च्या वर गेलेली दिसली, तरी तेच करा.

‘लक्षणीय’ म्हणजे ‘जाणवण्याजोगा’ समजणं

२००९ मध्ये मॅडसेन आणि सहकाऱ्यांनी १३ चाचण्या, ३०२५ रुग्ण एकत्र केले. शॅमच्या तुलनेत अ‍ॅक्युपंक्चरचा प्रमाणित परिणाम ०.१७ निघाला, सांख्यिकीय दृष्टीने लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी. १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर मांडला तर हा फरक सुमारे ४ मिलिमीटर. रुग्णाला किमान जाणवणारा फरक १० च्या आसपास धरण्याची पद्धत आहे. म्हणून प्रमाणित आकडा मिळाला की तो आधी मूळ मापावर उतरवून बघा आणि मगच विशेषणं लावा.

ऑड्स रेशो टक्क्यांसारखा वाचणं आणि अरुंद हिऱ्यावर विसंबणं

आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) भ्रूण-रोपणाच्या वेळी अ‍ॅक्युपंक्चर केल्याने गर्भधारणा वाढते का, यावर २००८ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात संकलन आलं. ७ चाचण्या, १३६६ स्त्रिया, ऑड्स रेशो (दोन गटांतल्या ऑड्सचं, म्हणजे घडण्या-न घडण्याच्या प्रमाणाचं, गुणोत्तर) १.६५, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा जिथे असण्याची शक्यता आहे तो पट्टा) १.२७ ते २.१४. हा आकडा सहज ‘शक्यता ६५ टक्क्यांनी वाढते’ असा वाचला जातो, आणि तो तसा नाही. समजा, एरवी ३० टक्के स्त्रियांना गर्भ राहतो. मग ऑड्स ३०:७०, म्हणजे ०.४३. त्याला १.६५ ने गुणलं की ०.७१, म्हणजे सुमारे ४१ टक्के. वाढ ११ गुणांची, किंवा सापेक्ष ३८ टक्क्यांची.

पण वाचनाची चूक सुधारूनही प्रश्न उरतोच. २०१८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ८४८ स्त्रियांची मोठी चाचणी छापून आली. तिथे तुलना शॅमशी होती आणि मोजलं होतं जिवंत बाळ जन्माला येणं: अ‍ॅक्युपंक्चर गटात १८.३ टक्के, शॅम गटात १७.८. आधीच्या संकलनातला इंटरव्हल १ ला, म्हणजे ‘फरक नाही’ या आकड्याला, शिवतही नव्हता, तरी मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. दोन्ही अभ्यासांत मोजलेली गोष्ट आणि तुलना एकच नव्हती, हे खरं. मात्र रुग्णाला हवं असतं ते बाळ, पॉझिटिव्ह अहवाल नव्हे.

कुठून काय छापून येतं याकडे डोळेझाक

१९९८ मध्ये व्हिकर्स यांनीच अ‍ॅक्युपंक्चर चाचण्यांचे २५२ गोषवारे देशवार तपासले. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधल्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्या अनुकूल निघाल्या. कोणताही उपचार कितीही गुणकारी असो, लहान चाचण्यांत काही निकाल निव्वळ योगायोगानेही उलटे यायला हवेत. ते आले नाहीत, तर कुठेतरी गाळण झाली आहे.

ती शोधण्यासाठी लगेच फनेल प्लॉट (चाचणीचा आकार आणि परिणाम यांचा आलेख) काढून एगरची चाचणी (त्या आलेखाचा एकांगीपणा मोजणारी) लावू नका. दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर तिच्यात दम नसतो. आणि तीन गटांच्या चाचणीतला एकच शॅम गट दोन तुलनांमध्ये पूर्ण मोजू नका, नाहीतर तेच रुग्ण दोनदा येतात; तो विभागून घ्या.

आय-स्क्वेअर जास्त आला म्हणून रँडम-इफेक्ट्सकडे पळणं

आय-स्क्वेअर सांगतो की अभ्यासांमधल्या तफावतीतला किती वाटा योगायोगाच्या पलीकडचा आहे. तो ८० टक्के आला की पुष्कळ जण मॉडेल बदलतात आणि प्रश्न सुटला असं मानतात. रँडम-इफेक्ट्स मॉडेल (प्रत्येक चाचणीतला खरा परिणाम वेगळा असू शकतो असं धरणारं) तफावत मान्य करतं, ती का आली हे सांगत नाही. वर त्यात लहान चाचण्यांचं सापेक्ष वजन वाढतं, आणि फुगलेले परिणाम नेमके तिथेच सापडतात. म्हणून फिक्स्ड (सगळ्या चाचण्यांत खरा परिणाम एकच धरणारं) आणि रँडम, दोन्ही चालवून बघा. रँडमचा आकडा बराच मोठा आला, तर प्रत्येक गटात शंभरपेक्षा कमी रुग्ण असलेल्या चाचण्या काढून पुन्हा चालवा, आणि अहवालात दोन्ही निकाल शेजारीशेजारी द्या, प्रेडिक्शन इंटरव्हलसह (पुढच्या चाचणीत परिणाम कुठे पडू शकतो तो पट्टा).