भावकी आणि सोयरीक एकाच कागदावर: आपसात लग्नं झालेल्या गावाची वंशावळ कशी जुळवायची

जातपडताळणीला किंवा वारसनोंदीला जोडतात ती वंशावळ म्हणजे बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. ज्या गावात तीन-चार भावक्यांनी पिढ्यानपिढ्या एकमेकांत मुली दिल्या-घेतल्या, तिथे ती निम्मंच सांगते. तिथे शोधायच्या असतात त्या बायका: कोण कुठून आली आणि कोण कुठे गेली. महसुली कागदांतून नेमक्या त्याच गळालेल्या असतात. पुढची पद्धत पश्चिम महाराष्ट्रातलं गाव धरून लिहिली आहे. मराठवाडा-विदर्भाचे फरक ओघात येतील.

झाड आधी काढू नका. दोन प्रकारची कार्डं करा, जाड कागदाची, हाताएवढी. एक माणसाचं, दुसरं लग्नाचं. माणसाच्या कार्डावर पाळण्यातलं नाव, शाळेतलं नाव, हाक मारायचं नाव, जन्म-मृत्यूचं साल आणि आईबापांच्या लग्नाचा क्रमांक. लग्नाच्या कार्डावर नवरा, नवरी, दोन्हीकडची गावं, साल, आणि लग्न की पाट (विधवेचं पुनर्लग्न). मूल नेहमी लग्नाच्या क्रमांकाखाली घालायचं, बापाखाली नाही. थोरली-धाकटी अशा दोन बायका असतील, विधवेने दिराशी पाट लावला असेल, तरी मग कोणती पोरं कोणाची हे बिघडत नाही.

माणसाचा क्रमांक भावकीच्या अक्षरावरून द्या: क-०५, ग-१२. बाईचा क्रमांक माहेरचाच, आणि तो मरेपर्यंत बदलायचा नाही. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की तीच बाई दोन गावांत दोन नावांनी नांदते. कार्डं दोन झाली की सगळं शोधकाम तिथेच अडतं. क्रमांकात पिढीचा आकडा घालायचा मोह होतो, तो टाळा. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या कर्नाटक हद्दीकडच्या काही समाजांत मामा-भाचीचं लग्न होतं. त्या जोडप्याच्या मुलाला बापाकडून जे आजा-आजी, तेच आईकडून पणजा-पणजी. पिढीचा आकडा तिथे कुठला लावणार?

विचारायला सुरुवात म्हाताऱ्या बायकांपासून करा. “तुमचे पणजोबा कोण?” याला उत्तर मिळत नाही. “या घरातल्या मुली कुठे कुठे दिल्या, सुना कुठून आणल्या?” याला मिळतं, आणि क्रमाने मिळतं. लहानपणी गेलेली पोरंही विचारा; नाहीतर भावंडांतली अंतरं जुळत नाहीत. इथून फार पूर्वी दिलेल्या आत्यांच्या सासरी जरूर जा. गावात राहिलेल्यांपेक्षा त्यांच्याकडे जुनी नावं जास्त टिकलेली असतात.

सगळ्यात जास्त चुका नात्याच्या हाकांमुळे होतात. सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणण्याची रीत अनेक घरांत आहे, नातं असो वा नसो. म्हणून “ती माझी आत्या” ऐकलं की लगेच विचारा: बापाची सख्खी बहीण, चुलत बहीण, की फक्त सासू? तसंच “चुलता” म्हणजे बापाचा सख्खा भाऊ की भावकीतला कोणीही, हे तिथल्या तिथे लिहा. भावकी की सोयरा यावर वाद झाला तर सुतक विचारा. दहा दिवसांचं सुतक कोणाकोणाला आलं, यावर म्हातारी माणसं सहसा चुकत नाहीत. मात्र सुतकावरून पिढ्यांची संख्या काढू नका. भांडणानंतर सुतक तोडलेलीही घरं असतात.

वयं सालात सांगता येत नाहीत, तेव्हा घटना लावा: १९१८ची मानमोडीची (इन्फ्लुएन्झाची) साथ, डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, १९७२चा दुष्काळ. “दुष्काळात मी खडी फोडायला होते, थोरला पाठीशी बांधलेला” एवढ्यावरून थोरल्याचं जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या फरकाने बसतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी दाखल करताना लावलेली समजा, साल तेवढं अंदाजाने घ्या.

आता कागद. आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफारांचे, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक फेरफार मागे काढत जा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, तारीख आणि वारसांची यादी असते. गट नंबरावर येऊन वाट खुंटली की जमिनींच्या एकत्रीकरणात जुना सर्व्हे नंबर बदललेला असतो. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून ९(३)-९(४)चा उतारा घेतला की जुना नंबर सापडतो. स्कॅन झालेले जुने फेरफार ‘आपले अभिलेख’वर दिसतात, बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. मराठवाड्यात १९५४-५५चं खासरा पत्रक आणि विदर्भात त्याच सालांचा अधिकार अभिलेख हे जमिनीच्या नोंदींचे पक्के टप्पे आहेत. हैदराबाद संस्थानातल्या कागदावर फसली साल असेल तर इसवी सनासाठी ५९० मिळवा, शके असेल तर ७८.

खुणा वाचायला शिका. ‘राणू बिन तुका’ म्हणजे तुकाचा मुलगा. विदर्भ-मराठवाड्यात तिथे ‘वल्द’ येतं. ‘कोम’ किंवा ‘जौजे’ म्हणजे बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीन मुलाचा पालक), आणि ही खूण सोन्याची आहे: बाप लवकर गेलेला असेल तर तिथे बहुधा आईचं नाव येतं, एरवी ते कुठेच येत नाही. आजाचं नाव नातवाला ठेवत असल्याने राणू-तुका-राणू-तुका अशी साखळी चालते. दोन राणू एक समजले की एक अख्खी पिढी गडप होते, म्हणून प्रत्येक राणूला मृत्यूची तारीख लावल्याशिवाय पुढे सरकू नका.

जुन्या उताऱ्यावरची आणेवारी, म्हणजे आणे-पैत लिहिलेला जमिनीतला हिस्सा (बारा पैंचा एक आणा), हा वंशावळीचा सर्वात निर्मळ पुरावा. सोळा आण्यांत आठ आणे म्हणजे दोन शाखा, पाच आणे चार पै म्हणजे तीन, दोन आणे आठ पै म्हणजे त्या तिघांपैकी एकाचे दोन मुलगे. काढलेली शाखा आणि हिस्सा जुळत नसेल तर एखादा निपुत्रिक भाऊ सुटला आहे, कोणी हिस्सा विकला आहे, किंवा दत्तक आहे. दत्तक असेल तर दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे शोधा. बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक आला असेल तर तो रक्ताने सोयरा आणि कागदाने भावकी, म्हणून त्याला दोन रेघा: जन्माची सलग, दत्तकाची तुटक.

बायका कुठे सापडतात? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारसनोंदीत मुली क्वचितच, आणि नंतरही कित्येक वर्षं नुसते मुलगेच लावलेले दिसतात. पण बहिणीने वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र झालं असेल तर त्यात तिचं सासरचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलेलं असतं. भावकी आणि सोयरीक एकत्र बांधणारा इतका चांगला कागद दुसरा नाही. त्याच्या खालोखाल आहेराची वही: कोणाचा आहेर, कुठल्या गावचा, किती. कोतवाल बुकात (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत) जन्म बापाच्या नावावर असतो, पोराचं नाव बहुतेकदा नसतंच, ‘मुलगी झाली’ एवढंच. भावंडांची संख्या मोजायला मात्र ते चांगलं.

मोडी कागद असेल तर वाचकाकडून लिप्यंतर घ्या आणि मूळ पानाचा फोटो सोबत ठेवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे नाव एकट्याने न वाचता गावातल्या इतर नावांशी ताडून पाहायला हवं. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जाताना जात, आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं. आडनाव पुढे बदललं असेल तर जुनंही सांगा. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक गावातल्या घराण्यांची वंशावळ सांगतात. त्यांची अलीकडची नावं फेरफाराशी ताडून घ्यावीत, मूळपुरुषाच्या पराक्रमाची गोष्ट प्रेमाने ऐकून सोडून द्यावी.

कार्डं पुरेशी झाली की भावक्यांमध्ये बाण काढा: मुलगी ज्या घरून निघाली तिथून ज्या घरी गेली तिथपर्यंत. मामाची मुलगी करण्याची रीत आहे तिथे पुढच्या पिढीतही बाण त्याच दिशेला पडतो. क-०५ सखू ग भावकीत गेली आणि तिच्या मुलाला तिच्या भावाची मुलगी केली, तर त्या जोडप्याच्या मुलाला पणजे-पणज्या आठ नसून सहाच. दोन्ही दिशांना बाण दिसले तर आधी साटंलोटं तपासा: दोन घरांनी एकमेकांच्या मुली केल्या की नणंदच भावजय होते, आणि सांगणाऱ्याच्या बोलण्यात दोघींची अदलाबदल हमखास होते. साटंलोटं नसेल तर बहुधा कुठेतरी दोन बायका एकाच कार्डावर गेल्या आहेत.

नात्यातल्या लग्नाला कागदावर दुहेरी रेघ मारा. डॉक्टरही तीच खूण वापरतात. सिकलसेलसारख्या आनुवंशिक आजारासाठी सल्ला घ्यायचा असेल तर सख्ख्या मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नातल्या मुलाचा अंतःप्रजननाचा गुणांक (आईबाप दोघांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक येण्याची शक्यता) १/१६, मामा-भाचीच्या लग्नातल्याचा १/८. हे आकडे एकाच दुव्याचे. मागेही अशी लग्नं असतील तर ते वाढतात, आणि त्यासाठीच मागची कार्डं नीट लागतात. संगणकावर घ्यायचं तर ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी घेतं आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी एकत्र करू देतं.

प्रत्येक दुव्यापुढे शाई वेगळी ठेवा: कागदाचा निळी, दोन घरांनी स्वतंत्रपणे सांगितलेला काळी, एकानेच सांगितलेला पेन्सिलीने. गावात वाटायच्या प्रतीत हयात माणसांची वयं, दत्तक आणि पाट त्या-त्या घराच्या होकाराशिवाय छापू नयेत. कच्ची प्रत जत्रेच्या आधी घरोघर फिरवा, म्हणजे जत्रेला माहेरी आलेल्या लेकी सासरची राहिलेली नावं भरून देतात.