लातुरात राहायला आलात आणि दुपार सरत नाही?

लेकाकडे किंवा लेकीकडे कायमचं म्हणून लातुरात आलेल्यांचे पहिले दोन महिने सारखेच जातात. डाळीचे डबे कुठे ते कळतं, दूधवाला ओळखीचा होतो, आणि मग दुपार खायला उठते. मी २०१५ साली चिपळूणहून आले. पोस्टाच्या बचत खिडकीवर हयात गेलेली, त्या जोरावर सेवेचं काम मागायला एका संस्थेत टाईप केलेला बायोडेटा घेऊन गेले. चहा झाला, फोटो निघाला, "कळवतो मॅडम" झालं. अजून कळवताहेत.

इथं काम असं अर्ज करून मिळत नाही. आधी तुम्ही चार लोकांना दिसायला लागता, मग कुणीतरी हाक मारतं.

माझ्या बाबतीत निमित्त झालं पाण्याचं. २०१६चा उन्हाळा, मांजरा धरण कोरडं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली, ते तुम्ही तेव्हा टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्या गल्लीत टँकर शिरला की घागरी आधी आणि माणसं मागून, अशी झुंबड. पावसाला कंटाळलेल्या मुलखातून आलेली मी दोन दिवस गॅलरीतून नुसती बघत बसले. तिसऱ्या दिवशी नातवाची अर्धी कोरी वही घेऊन खाली उतरले, घरवार नंबर लिहिले आणि पुकारायला लागले. पंधरा दिवसांत येणारी-जाणारी "काय करू लालाव (काय करताय) मावशी?" म्हणून थांबायला लागली. मावशीला कागदाचं कळतं, ही बातमी टँकरबरोबरच गल्लोगल्ली फिरली.

आणि कागदाचं काम इथं संपत नाही. श्रावणबाळ योजनेचंच घ्या. वय ६५ पूर्ण, वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत, तर महिन्याला १५०० रुपये. पण ज्या म्हातारीला ते हवेत तिला ना वयाचा पुरावा सापडतो ना बँकेतली रांग झेपते. एक आजी आल्या होत्या. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, पासबुकावर तिसरंच. मशीनवर अंगठा उठेना. जन्मभर खुरपं धरून रेघाच पुसलेल्या. त्या सारखा अंगठा पदराला पुसत होत्या, जणू चूक त्यांचीच. मग बोटं बदलून बघितली, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. चार हेलपाटे झाले. ऑफिसात काम केलेलं कुणी बरोबर असतं तर दोनात भागलं असतं, आणि ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता. एकच पथ्य पाळा: कुणाची मूळ कागदपत्रं रात्रभरही आपल्या घरी ठेवू नका, आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी त्यांनाच वाचू द्या. नाहीतर चांगलं करायला गेलं आणि बालंट आलं, असं व्हायचं.

शिकवायची हौस असेल तर जवळच्या जिल्हा परिषद किंवा महानगरपालिकेच्या शाळेत जाऊन 'उल्लास'बद्दल विचारा. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना शिकवायचा हा केंद्राचा साक्षरता कार्यक्रम. स्वयंसेवकाला मानधन नाही आणि पाटी-फळा असलाच पाहिजे असंही नाही, धुणीभांडी करणारीला आपल्याच ओट्यावर तासभर बसवलं तरी चालतं. पुढे तिची दीडशे मार्कांची परीक्षा होते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास. अक्षरापासून सुरुवात करू नका. तिला आधी तिचं नाव आणि मोबाईलवर लेकीचा नंबर शोधायला शिकवा, दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन येते.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून द्यायला, खेड्यातून आलेल्या पेशंटला योग्य खोलीपर्यंत न्यायला माणूस लागतोच. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, परस्पर मध्ये पडू नका. रक्तदान शिबिरात पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत, पण नोंदणीच्या टेबलावर बसवतात. ज्येष्ठ नागरिक संघातही जरूर जा, मात्र वाढदिवस आणि शाल-श्रीफळ यांतच अडकलात तर दोष संघाला देऊ नका.

ट्यूशनच्या पोरांचं काम मला सगळ्यात नाजूक वाटतं. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने बीड, परभणी, नांदेडहून सोळा-सतरा वर्षांची मुलं इथं खोल्या करून राहतात. ताप आला तरी आईला फोन करत नाहीत, कारण फी भरायला तिने काय विकलं ते त्यांना ठाऊक असतं. शेजारच्या हॉस्टेलच्या बाईंना सांगून ठेवलंय, आजारी मुलीला मऊ भात माझ्याकडून. मार्क मात्र विचारायचे नाहीत. ते विचारणारे पुष्कळ आहेत.

वेळेचं म्हणाल तर मार्चपासून जूनपर्यंत बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत आटपा, इथलं ऊन कोकणासारखं घाम काढून सोडत नाही, सरळ आडवं करतं. गावोगावी जायचं असेल तर एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीनंतर फुकट, आणि बायकांना २०२३पासून पासष्टीच्या आधीही अर्धंच. आधार कार्ड पिशवीत ठेवा.

आणि येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, कुठलंही काम ठरवू नका. त्या दिवशी शहर रिकामं होतं, माणसं शेतात असतात. पहिल्या वर्षी मी बंद दारं मोजत बसले होते. दुसऱ्या वर्षी अंगठ्यावाल्या आजींचा नातू सकाळीच मोटारसायकल घेऊन दारात उभा. कडब्याच्या कोपीजवळ बसवून आजींनी भज्जी (शेंगा-पाल्याची मिसळभाजी) वाढली, गाडग्यातली आंबील दिली, आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ह्या आमच्या पोस्टातल्या." निघताना त्या बाईची पिशवी माझ्या हातात आली. आत रेशनकार्ड होतं.