सुरू होताना अडखळणाऱ्या आणि मध्येच ताकद सोडणाऱ्या गाडीतील दोष कसा शोधावा

सुरू होताना इंजिन थरथरणे आणि पुढे चढावर किंवा ओव्हरटेक करताना पिकअप अचानक जाणे, या दोन तक्रारी एकत्र आल्या तर त्यांचे मूळ अनेकदा एकच असते. म्हणून त्यांची तपासणीही एकत्रच करावी. येथील विवेचन फ्युएल इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांपुरते आहे. अंदाजाने प्लग, मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज पुरवणारा भाग), मग पंप असे एकेक भाग बदलत जाणे हा सर्वांत महागडा मार्ग होय.

आधी दोष केव्हा दिसतो हे नीट पाहावे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू झाल्यावर काही क्षण थरथरून स्थिर होत असेल, तर गळणारा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), झिजलेले प्लग, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) साचलेला कार्बन किंवा इंजिनाचे तापमान चुकीचे कळवणारा सेन्सर यांवर संशय घ्यावा. याउलट इंजिन तापल्यावर गाडी एकदम बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर काही घडलेच नसावे तशी सुरू होत असेल, तर क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा कोणत्या स्थितीत फिरतो आहे हे संगणकाला कळवणारा भाग) आधी तपासावा. गाडी धावत असताना आरपीएमचा काटा क्षणात शून्यावर कोसळला, तर हा संशय अधिक बळावतो. धक्के देत ताकद जाणे हे बहुधा ठिणगीतील दोषाचे, तर धक्के न देता हळूहळू दम तुटणे हे इंधन कमी पडल्याचे किंवा सायलेन्सरचा मार्ग तुंबल्याचे लक्षण असते.

पहिले माप बॅटरीचे घ्यावे, कारण कमी व्होल्टेजमुळे इतर सर्व लक्षणे फसवी ठरतात. उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत, सेल्फ मारताना ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नयेत आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ च्या दरम्यान असावेत. टर्मिनल आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची तार घट्ट व स्वच्छ आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे.

यानंतर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारे उपकरण, जोडावा; त्याचे पोर्ट बहुधा चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली असते. मिळालेले कोड आणि ते नोंदले गेले त्या क्षणाचे आकडे लिहून घेतल्याशिवाय काहीही पुसू नये. कोड लक्षण सांगतो, बदलण्याचा भाग सांगत नाही. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणे), एवढेच. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी, न झाला तर तीच युक्ती प्लगवर करावी आणि मगच इंजेक्टर व कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याच्या क्षमतेकडे) वळावे. चालत्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा दाब लगेच कमी करावा, कारण न जळलेल्या पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गातील, धूर शुद्ध करणारा भाग) खराब होतो.

स्कॅनरवरील फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो याचे, आकडे माझ्या मते कोडपेक्षाही बोलके असतात. ते सतत +१० टक्क्यांच्या वर असतील, तर संगणक मिश्रणातील पेट्रोलची कमतरता भरून काढत असतो. हा आकडा आयडलिंगला मोठा असून रेस वाढवल्यावर उतरत असेल, तर इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या) एखाद्या तडकलेल्या नळीतून किंवा गॅस्केटमधून जादा हवा आत येत असावी. भार वाढेल तसा तो चढत असेल, तर पंप किंवा फिल्टर कमकुवत आहे अथवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे.

पंपाची एक सोपी चाचणी आहे. सेल्फ न मारता चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करावी, दर वेळी पंपाची घरघर थांबू द्यावी आणि मग गाडी सुरू करावी. ती अशा वेळीच पटकन सुरू होत असेल, तर उभ्या गाडीतील इंधनाचा दाब गळतो आहे असे समजावे. खात्रीसाठी गेज लागतो. अनेक मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत दाब ३ ते ४ बार असतो, तरी नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. आयडलिंगला दाब ठीक दिसला तरी पंप निर्दोष ठरत नाही, कारण खरा प्रश्न भाराखाली तो टिकतो का, हा असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत उच्च दाबाची नळी स्वतः मुळीच उघडू नये.

दाब टिकून असेल आणि तरीही गाडी ओढत नसेल, तर एअर फिल्टर पाहून सायलेन्सरकडे यावे. इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन २५०० आरपीएमवर स्थिर धरावे. काटा हळूहळू उतरत गेला, तर कन्व्हर्टर तुंबलेला असण्याची दाट शक्यता आहे.

दुरुस्तीनंतर कोड पुसावेत आणि दोष ज्या परिस्थितीत दिसत होता त्याच परिस्थितीत, म्हणजे तितक्याच थंड किंवा तापलेल्या इंजिनावर आणि तशाच चढावर, गाडी चालवून फ्युएल ट्रिम पुन्हा वाचावा. तो शून्याच्या आसपास परतला नसेल, तर बदललेला भाग खराब असला तरी मूळ कारण अजून गाडीतच आहे.